बर्फावरची माती

त्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ लोटायला लाकडी फावडं काढावंच लागलं नाही. आमच्या लुंगमार गावात याला कुणी सुख म्हणत नाही. छपरावर नाही म्हणजे वरच्या घळीत नाही, आणि घळीत नाही म्हणजे उन्हाळ्यात शेताला पाणी नाही. आमच्या झन्स्कर खोऱ्यातल्या बाकीच्या गावांच्या डोक्यावर जुन्या बर्फाची हिमनदी असते. आमच्या डोक्यावर नुसती एक अरुंद घळ आहे. हिवाळाभर वारा तिच्यात बर्फ कोंबतो, उन्हाळाभर ती तो थोडा थोडा सोडते, आणि तेवढ्यावर आमचा सातू पिकतो.

नवं वर्ष झालं आणि गाव बसलं. पाण्याच्या पाळ्या लावणारा पुंचोक तसा बोलका माणूस, पण त्या दिवशी त्याने मोजकंच सांगितलं. म्हणाला, सलग तिसऱ्या वर्षी घळ अर्धीच भरली आहे, आता ठरवायला हवं. खाली नदीकाठी स्कामथांगचं माळरान आहे, तिथे सरकारने आमच्यासाठी घरटी जागा आखून दिली होती. झाड नाही, आडोसा नाही, वारा मात्र मुबलक. तरी नदी जवळ. शेवटी ठरलं ते असं : या वर्षीचा सातू हाती आला तर राहायचं. नाही आला तर पुढचा बर्फ पडायच्या आत सगळ्यांनी मिळून खाली जायचं. निम्मं गाव वर आणि निम्मं खाली, असं चालणार नव्हतं. पाट साफ करायला माणसं कुठून आणायची?

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या आमा-ले मात्र जागच्या उठल्या.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "जायच्या आधी मला कुठे जाळायचं तेवढं ठरवून जा. म्हणजे मागं घोळ नको."

आमा-ले म्हणजे माझ्या सासूबाई, कुन्झेस त्यांचं नाव. मी त्यांच्या घरचा मग्पा, म्हणजे घरजावई. डोंगरापलीकडच्या गांग्युल गावचा मी धाकटा मुलगा. आमच्याकडे शेत थोरल्याचं, धाकट्याने एक तर मठात जावं नाही तर मग्पा व्हावं. मंत्र माझ्या डोक्यात टिकत नसत, म्हणून मी दोल्करच्या घरी आलो. घर बायकोचं, शेत बायकोचं, त्यामुळे अरे-तुरे करण्याचा हक्कही बायकोचा. लग्नात माझ्या भावाने मला एक खेचर दिलं होतं. आमा-लेंनी वऱ्हाडासमोर त्या खेचराचे दात पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की दोघांत खेचर शहाणं दिसतंय. अख्खं लुंगमार हसलं. माझा भाऊ इशे हसला नाही. त्यानंतर दोन्ही घरांत जाणंयेणं राहिलं ते मयतीपुरतं आणि बारशापुरतं.

असो. खेचर केव्हाच मेलं, मी अजून आहे.

आमच्याकडे पहिला बर्फ पडायच्या आधी घरात माती भरून ठेवतात. पाठीवरच्या टोपल्यांनी कोरडी, काळसर माती आणायची, गोठ्याच्या बाजूच्या खोलीत ढीग करायचा. हिवाळा सरत आला, ऊन जरा टोचायला लागलं, की ती माती शेतातल्या बर्फावर मुठीमुठीने फेकायची. पांढऱ्यावर ऊन टिकत नाही, काळ्याला ते चिकटतं. माती पडलेला बर्फ शेजारच्या बर्फाच्या आधी बसतो, शेत लवकर उघडं पडतं, नांगर लवकर लागतो. उन्हाळा एवढासा असतो, त्यात आठवडाभर मिळाला तरी पुष्कळ. हे काम बायकांचं, आणि त्यात आमा-लेंचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या माती फेकत तेव्हा मनगटाला असा काही झटका देत की माती हवेत पसरून पिठासारखी सारखी पडे. जाड पडली तर उलटं होतं, बर्फ झाकला जातो आणि वितळतच नाही. त्या दुसऱ्या बायकांच्या शेताकडे बघून म्हणत, "ही काय माती टाकलीय, की मेलेल्याला पुरलंय?"

त्या वर्षी शेतात बर्फच एवढा विरळ होता की माती तशीच उरली. आमा-ले त्या ढिगासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी पुंचोकला बोलावून घेतलं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. आमची खरी अडचण पेरणीच्या पाण्याची. घळ सावलीत, तिच्यातलं पाणी उशिरा सुटतं, आणि हल्ली तर पेरणी होऊन बी पाखरांनी खाल्लं तरी ते येत नाही. मग माती शेताऐवजी घळीत टाकू. बर्फ लवकर सुटेल, पेरलेलं लगेच भिजेल. पुंचोकने डोकं खाजवलं. असं कुणी केलेलं नाही, म्हणाला.

"याआधी कुणी गाव सोडायचंही ठरवलं नव्हतं," आमा-ले म्हणाल्या. "तेव्हा नाही खाजवलंस डोकं."

एखादी गोष्ट फार सोपी वाटली की माणसाला ती आधीच सुचायला हवी होती असं वाटतं. गावाचं तसंच झालं. घराघरांतून उरलेली माती बाहेर आली. आम्ही टोपल्या पाठीला लावल्या आणि घळीची चढण धरली. दोर खांद्यात रुतत होता, भुसभुशीत बर्फात पाय मांडीपर्यंत जात होते, वर पोहोचेपर्यंत घामाने भिजलेली पाठ वाऱ्याने कडक व्हायची. दोल्कर माझ्या मागून चालत होती. मी थांबलो की टोपलीने मला ढोसायची.

"चल ना. गांग्युलच्या माणसाला चढ सोसत नाही होय?"

"गांग्युलमध्ये चढ नाहीत. तिथे देवच सपाट जागी राहतात."

"म्हणून तू इथे आलास. देवांना तुझं तोंड बघवेना."

आमा-ले सगळ्यांच्या वर उभ्या राहून सांगत होत्या, कुठे किती टाकायची ते. वाऱ्याने त्यांच्या टोपीचे कान उडत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं आनंदात पाहिलं नव्हतं. काम संपलं तेव्हा खालून ती घळ बघायला लागलो तर याक-गाईच्या संकरातल्या झोमोच्या पाठीसारखी करडी दिसत होती. पोरांना गंमत वाटली. मला, खरं सांगायचं तर, जरा कसंसंच झालं. पण घरजावयाला जे वाटतं ते त्याने चहाबरोबर गिळावं, ही सवय मला फार आधी लागली होती.

आणि पाणी आलं. पेरणी आटोपून आम्ही नांगर धुतो न धुतो तोच पाटात खळखळ सुरू झाली. वर्षानुवर्षं इतक्या वेळेवर पाणी आलं नव्हतं. सातू अंगठ्याएवढा वर आला, हिरवागार. लोकांनी छांगची, म्हणजे सातूच्या दारूची, मडकी उघडली, आमा-लेंच्या गळ्यात मानाचं पांढरं वस्त्र घातलं. पुंचोक दोन वाट्या पिऊन म्हणाला की स्कामथांगला आता वाऱ्यानेच राहावं. आमा-ले लाजल्या. त्या लाजतात हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर उन्हाळा मोठा झाला. आमच्याकडे पूर्वी पाऊस असा नसायचाच. त्या वर्षी एक सर अशी आली की मातीची छपरं गळून धान्याच्या कोठ्या भिजल्या, आणि शेताला त्याचा उपयोग शून्य, कारण सगळा पाऊस दगडधोंडे घेऊन नदीला गेला. मग कोरडं ऊन. सातूच्या पोटात कणीस धरायला लागलं आणि पाट बारीक झाला. आधी मनगटाएवढा, मग बोटाएवढा. एका सकाळी पुंचोक पाळी द्यायला गेला तर पाटात नुसती ओल होती, आणि तिच्यावर माश्या बसल्या होत्या.

आम्ही वर जाऊन पाहिलं. घळीत बर्फ नव्हता. दगड होते, आणि दगडांवर आमची माती वाळून पडली होती. जो बर्फ सातू पिवळा होईपर्यंत पुरवून पुरवून पाणी देत आला होता, तो आम्ही वसंतातच संपवला होता. जेवढं आलं तेवढंच होतं. आम्ही फक्त ते आधी मागून घेतलं होतं.

माती सगळ्या गावाने टाकली होती, पण दोष एकटीच्या पदरात पडला. तोंडावर कुणी बोललं नाही. आमच्याकडे तशी रीत नाही. आमा-ले पिण्यापुरतं पाणी देणाऱ्या झऱ्यावर भांडी घासायला गेल्या की बाकीच्या बायकांची भांडी लवकर घासून व्हायला लागली. शेजारणीने उसनं नेलेलं लोण्याचं भांडं न मागता परत आणून दिलं, आणि उंबऱ्यावरच ठेवून गेली. पुंचोक रस्त्यात भेटला की आभाळाकडे बघायचा. एक दिवस एक म्हातारा आपल्या झो जातीच्या बैलाला हाकताना मोठ्याने म्हणाला, "चल रे बाबा, स्कामथांगची सवय कर. ज्यांनी पाठवलं त्यांचं भलं होवो." आमा-ले तेव्हा भिंतीपाशी गोवऱ्या थापत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत. पण त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या सकाळी घरच्या देवासमोर दिवा लावायलाही उठल्या नाहीत.

दोल्कर माझ्यापाशी आली. मी मोडक्या कुदळीचा दांडा तासत होतो.

"गांग्युलला जा," ती म्हणाली.

मी तासत राहिलो.

"तुमच्याकडे मोठी हिमनदी आहे. या दिवसांत तुमचं पाणी दुथडी वाहतं. खिंडीवरून जुना पाट आहे, आजोबांच्या वेळचा. इशे अचोला विचार."

"मग्पा परत घरी जाऊन मागत नसतो, दोल्कर."

"माहीत आहे. म्हणून तर तासायचं थांबून ऐक. आई जायची असली तरी अशी जायला नको."

एवढं बोलून ती गेली. तिने कधी रडून काही मागितलं असतं तर मी वाद घातला असता. मी दांडा तसाच टाकला आणि बूट घातले.

खिंड ओलांडून गांग्युलला पोहोचलो तेव्हा माझा अचो, म्हणजे थोरला भाऊ इशे, ओट्यावर याकच्या केसांचा दोर वळत बसला होता. त्याने मान वर केली, "बस" म्हणाला आणि पुन्हा वळायला लागला. वहिनी पुतितने खारा चहा आणला. मी पाऊसपाण्याचं बोललो, त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्याचा मुलगा गुर्मेत ट्रक घेऊन कुठवर जातो ते विचारलं. चहा तीनदा भरला गेला. पुतित वहिनी तोंडाने फटकळ, पण मनाने तशी नाही. तिलाच शेवटी राहवेना.

"मग्पा माहेरी येतो तो एक तर भांडून येतो नाही तर मागायला," ती म्हणाली. "भांडून आला असतास तर एवढा चहा प्याला नसतास."

मग मी सगळं सांगितलं. घळ, माती, आमा-ले, स्कामथांग. पाणी मागितलं. मागताना माझा आवाज माझाच मला ओळखू येईना. तीस वर्षं ज्या गावात मी ताठ मानेने पाहुणा म्हणून यायचो, तिथे त्या दिवशी मी मांडीवरची टोपी चुरगाळत बसलो होतो.

 दोराचा पीळ पायाच्या अंगठ्याला अडकवून इशेने दोनदा ओढून पाहिला. मला वाटलं, आता तो खेचराची गोष्ट काढणार.

"पाणी नाही देता यायचं," तो म्हणाला.

मी उठायला लागलो.

"बस रे. पाणी मागणाऱ्याला द्यायचं झालं तर गावाला विचारावं लागतं. गाव म्हणेल, लुंगमारच्या शहाण्यांनी स्वतःचं उधळलं, आता आमचं घ्यायला आले. पण तू घरातून गेलास तेव्हा काही नेलं नाहीस. शेत नाही, झोमो नाही. एक खेचर, तेही म्हातारं. आबांनी तुझा वाटा काढलाच नव्हता."

"मग्पाला वाटा नसतो, अचो."

"शेतात नसतो. पाण्यात नसतो असं कोण म्हणालं? आबांची पाण्याची पाळी होती, ती आपल्या दोघांची. मी एकटाच वापरत आलो. तुझी घेऊन जा."

 कुणाला तीस वर्षांनी कळतं की आपल्या नावावर काही होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलंही नाही. पुतित वहिनीने दोराचा गुंडा उचलून आपटला.

"वाटा काढणारे बसल्या जागी वाटा काढतात. आणि आपल्या शेतातला वाटाणा काय तुझ्या आबांच्या आशीर्वादावर फुलणार आहे?" मग तिने डोक्याचा रुमाल घट्ट केला. "एका पाळीत त्यांचं एक शेत भिजेल, गाव नाही भिजणार. थांब. छोमोची लेक लुंगमारला दिलीय. तिची बहीणही. खालच्या आळीच्या दोघी आहेत. शिवाय तो लोहाराचा मुलगा, तोही तिकडे मग्पाच आहे. त्यांनी तरी कुठे वाटा नेला होता?"

आणि ती निघाली. मी तिच्या मागून घरोघर गेलो नाही, तिने येऊ दिलं नाही. मागणाऱ्याचं तोंड दिसलं की देणाऱ्याचा हात आखडतो, म्हणाली. ती काय बोलली ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. कुणाला तिने गोडीत सांगितलं, कुणाला टोमणा मारला, एकीला म्हणे नुसतं विचारलं की तुझी लेक स्कामथांगच्या वाऱ्यात बाळंत झाली तर तू तिकडे झोपायला जाणार का. दिवस कलायच्या आत, ज्या ज्या घरचं माणूस लुंगमारात नांदत होतं त्या प्रत्येक घराने एकेक पाळी सोडली. पाणी त्यांनाही जास्तीचं नव्हतं. त्यांची हिमनदीही दर वर्षी मागे सरते, पाटाचं तोंड त्यांना वर वर न्यावं लागतं. तरीही दिलं. त्या घरांपैकी एकाचंही नाव मी विसरलेलो नाही.

जुना पाट मात्र पाट म्हणायच्या लायकीचा उरला नव्हता. दरड पडून तो जागोजागी तुटला होता, कुठे उंदरांनी पोखरला होता. दोन्ही गावची माणसं पहारी, फावडी घेऊन आली. आम्ही दरडीतले धोंडे उपटले, चपटे दगड लावून काठ धरला, ओल्या गवताची ढेकळं मुळांसकट कापून भेगांत ठोकली. ढेकळं दाबायला हाताचा तळवाच लागतो, आणि ते पाणी इतकं गार की बोटांना बोटं लागली तरी कळत नाही. पुंचोकच्या तळहाताची साल निघाली, त्यावर लोणी चोपडून तो पुन्हा लागला. गांग्युलचे लोक आमच्याशी फार बोलत नव्हते. पण त्यांच्या बायका भाकऱ्या आणत तेव्हा आमच्याकडच्यांना आधी वाढत, आणि आमचे लोक खाली मान घालून खात.

आमा-ले आल्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी, कुणालाही न सांगता, काठी टेकत. खिंड ओलांडायला त्यांना सकाळपासून दुपार झाली होती. लुंगमारची माणसं कामाकडे बघायला लागली. आमा-ले कुणाकडे न बघता पाटाच्या तोंडाकडे, वर चालत गेल्या. दोल्करने मला कोपराने ढोसलं. मी आणि गुर्मेत त्यांच्या मागून गेलो. गुर्मेत ट्रक घरी ठेवून पाटाच्या कामाला आला होता.

हिमनदीच्या टोकाशी त्या थांबल्या. त्यांनी तिला लांबून पाहिलं होतं ते तरुणपणी, तेव्हा ती डोळ्यांना बघवत नसे इतकी पांढरी होती. आता टोकाचा बर्फ करडा, कुठे कुठे अगदी चुलीमागच्या भिंतीसारखा काळा. त्यातून थेंब टपकत होते, बारीक बारीक भोकं पडली होती आणि प्रत्येक भोकाच्या तळाशी चिमूटभर काळं साचलं होतं. आमा-ले वाकल्या. बर्फावरून तळहात फिरवला आणि तो उन्हात धरून पाहिला. मातीतल्या बाईला माती ओळखायला वेळ लागत नाही.

"ही कुणी टाकली?" त्यांनी विचारलं.

गांग्युलच्या माणसांनी आपल्याच बर्फावर माती टाकली, असं त्यांना वाटलं होतं. त्यांच्या आवाजात भीती होती.

"कुणी नाही, अबी-ले," गुर्मेत आजीशी बोलावं तसा म्हणाला. "ही काजळी आहे. धुराची. वाऱ्याबरोबर येते."

"कुठून येते? आमच्या चुलींचा धूर एवढा नाही."

"आपल्याही चुलींचा असतो थोडा. माझ्या ट्रकचाही. खाली मैदानात विटांच्या भट्ट्या आहेत, काडकचरा जाळतात, जंगलं पेटतात. ते सगळं इथवर येतं."

"आणि एवढ्यानेच हे असं?"

गुर्मेतने डोकं हलवलं. तो म्हणाला की काजळी निदान दिसते तरी. न दिसणारं जास्त आहे. गाड्या, कारखाने, वीज करायला जाळतात तो कोळसा, त्या सगळ्यातून जे वर जातं त्याला रंगही नाही आणि वासही नाही. ते गेलं की परत खाली येत नाही, जाड घोंगडीसारखं पृथ्वीवर पडून राहतं. आत ऊब वाढत जाते. म्हणून हिवाळ्यात बर्फ कमी, आणि उन्हाळ्यात नको तेव्हा पाऊस. ट्रकवर असताना तो दूरदूरच्या माणसांना भेटला होता. समुद्राकाठच्या एका ड्रायव्हरचं शेत खाऱ्या पाण्याखाली गेलं होतं, असं त्याने सांगितलं.

आमा-लेंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या एका दगडावर बसल्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील की बघा, माझा एकटीचा दोष नव्हता. दुसऱ्या कुणी ते म्हटलं असतं, कदाचित मीही म्हटलं असतं.

"ती माणसं वाईट आहेत का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही, अबी-ले. आपल्यासारखीच. घर चालवतात."

"म्हणजे त्यांनाही पाणी लवकर हवं होतं," आमा-ले म्हणाल्या. "जे हळूहळू मिळायचं ते आत्ताच हवं होतं. आणि आलं तेव्हा त्यांनीही कुणाच्या तरी गळ्यात वस्त्र घातलं असेल."

तळहात त्यांनी झग्याला पुसला. डाग गेला नाही. "त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मला घळीत दगड बघायला एक उन्हाळा लागला. त्यांना किती लागेल कुणास ठाऊक."

मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं उठायला आधार हवा. त्यांना फावडं हवं होतं.

त्या खाली आल्या आणि जिथे लुंगमारच्या बायका ढेकळं दाबत होत्या तिथे मधोमध बसल्या. कुणी सरकून जागा दिली नाही, कुणी उठूनही गेली नाही. थोड्या वेळाने लोण्याचं भांडं परत केलेली ती शेजारीण म्हणाली, "आमा-ले, जरा जाड लावा. तुमचा हात पातळ टाकायचा आहे."  आणि आमा-ले हसल्या, मग ती हसली, मग सगळ्याच. दोल्कर हसता हसता रडत होती.

पाणी सोडलं त्या दिवशी आम्ही पाटाच्या कडेने त्याच्याबरोबर चाललो. कोरड्या पाटात पाणी भरभर येत नाही. आधी माती ते पिऊन घेते, काडीकचरा पुढे ढकलत ते वासरासारखं अडखळत येतं. गळती दिसली की कुणीतरी पळत जाऊन तिथे पाय दाबून उभं राहायचं. खिंडीच्या या बाजूला ते उतरायला लागलं तेव्हा पुंचोकने टोपी काढली. रीतीप्रमाणे ज्याच्या वाट्याचं पाणी पहिलं आलं त्याच्या शेतात ते पहिलं जायचं, म्हणजे आमच्या. त्याने फळी उचलायला हात घातला.

"खालून सुरू कर," आमा-ले म्हणाल्या.

सगळ्यांत खालचं शेत झो हाकताना टोमणा मारणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं होतं. पुंचोकने दुसऱ्यांदा विचारलं नाही. आमच्या शेताला पाणी शेवटी आलं. तोवर वरच्या तुकड्यातली कणसं वाळून पोकळ झाली होती, खालच्या तुकड्यातली वाचली. मी कुरकुरलो नाही असं नाही, पण मनातल्या मनात.

सातू आला. ताट गुडघ्याच्या खालीच राहिलं, विळ्याने कापवेना, आम्ही मुळासकट उपटला. दाणे लहान. मळणीला झो गोल फिरताना धूळच जास्त उडत होती. पण गाव पुन्हा बसलं तेव्हा पुंचोकने प्रत्येकाच्या कोठ्या स्वतः पाहिल्या होत्या, आणि तो म्हणाला की याला सातू हाती आला असंच म्हणावं लागेल. कुणी हरकत घेतली नाही. स्कामथांग तिथेच आहे. त्याला आम्ही अजून नाही म्हटलेलं नाही, आणि पुढच्या हिवाळ्याचं कुणी सांगावं? पण त्या वर्षी आम्ही राहिलो. पाटही राहिला. लेकी-जावयांच्या नावाने दर वर्षी तेवढ्या पाळ्या सोडायच्या, असं गांग्युलने ठरवलं. तो ठराव कागदावर कुणी लिहिला नाही, आणि अजून कुणी मोडलेलाही नाही.

आमच्याकडे शेतातली पहिली कणसं घरच्या मधल्या खांबाला बांधतात. ती घरच्या देवाची, घराबाहेर जात नाहीत. त्या वर्षी आमा-लेंनी ती कणसं लोकरीच्या धाग्याने बांधली, रुमालात गुंडाळली आणि मला म्हणाल्या, "बूट घाल." कुठे जायचं ते मला खिंडीत पोहोचल्यावर कळलं.

इशेच्या घरात त्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाय ठेवत होत्या. त्यांनी चहाला आधी नको म्हटलं, दुसऱ्यांदा नको म्हटलं, मग घेतला. वाटी अर्धी झाल्यावर रुमाल उघडला.

"तुमच्या खांबाला बांधू का?" त्यांनी विचारलं.

इशे गडबडला. असं कुणी करत नाही. पुतित वहिनी उठली, खांबावरची त्यांची स्वतःची कणसं तिने वर सरकवली आणि खाली वीतभर जागा केली. आमा-लेंनी आमची कणसं तिथे बांधली. त्यांच्या कणसांशेजारी ती फार किरकोळ दिसत होती. गाठ नीट बसेना, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

"आमा-ले," इशे म्हणाला, "पहिली कणसं इथे बांधलीत. मग तुमच्या खांबाला काय राहिलं?"

"तुझा भाऊ आहे की तिथे," आमा-ले म्हणाल्या, आणि वाटी पुढे करून पुतितकडे आणखी चहा मागितला.